न लिहिलेलं ॲट्रिब्यूट

मंडळी, आज सकाळी बियाण्याच्या गोदामातून रशीदचाचांचा फोन आला. "मॅडम, बिगर औषधाच्या बियाण्याच्या लेबलावर औषधाचं नाव येऊन राह्यलंय. छपाई थांबवली."

लेबलाची एक्सएमएल फाइल, म्हणजे छपाईची माहिती असलेली फाइल, माझ्या ऑफिसातल्या प्रियानं भरली होती. मी तिच्यावर चिडले. ती म्हणाली, "ताई, तुमच्या स्कीमानं फाइल बराबर म्हणून पास केली."

स्कीमा, म्हणजे फाइलची नियमावली, माझीच. 'बियाणे' या मूळ टाइपवर, म्हणजे साच्यावर, मर्यादा घालून मी बिगर औषधाच्या बियाण्यासाठी नवा टाइप केला होता. त्यात 'औषध' हे ॲट्रिब्यूट, म्हणजे नोंदीला चिकटवलेला गुणधर्म, लिहिलं नाही, म्हणजे ते गेलं, असं मी धरलं. न लिहिलेलं एलिमेंट, म्हणजे स्वतंत्र नोंद, गळतं, ॲट्रिब्यूट मात्र मूळ टाइपकडून वारशानं येतंच.

स्कीमात 'औषध'ला मनाईची ओळ घातली, तेव्हा तीच फाइल नापास झाली. मंग प्रियाची माफी मागितली.

तुमच्या ऑफिसात आधी काय तपासतात, माणूस की नियम?