बॅग लपवनारं मानूस

आमच्या गावात पान्याला न भिनारा एकच गडी हाय, आन तो म्हंजे मी. गुडघ्याच्या वर पान्यात मी जिंदगीत कधी उतरलोच न्हाई, मग भ्यायचं कशाला?

गंगाखेडला गंगेवर, म्हंजे गोदावरीवर, गेलो तरी मी पायरीवर बसून तांब्यानंच अंगावर पानी घ्यायचो. बायको म्हनायची, "एवढं तर घरच्या बादलीत बी झालं असतं की." ती जाऊन आता लय वरसं झाली. घरात मी एकटाच. अशा मानसाला एक दिस समुद्रातल्या बोटीचं बोलावनं आलं.

बोलावनं लेकीचं. तिला पनवेलकडं दिलेली हाय. ती, जावई आन सासू-सासरे असे चौघं मुंबईवरून गोव्याला मोठ्या बोटीनं जानार व्हते. बोट म्हंजे नाव न्हाई. माडीवर माडी असलेलं हाटेलच, फकस्त खाली जमीन न्हाई. पन सासऱ्याचा गुडघा धरला, सासू त्यांच्यापाशी घरी ऱ्हायली, आन दोन खाटा रिकाम्या जायल्या म्हनून माजी आठवन झाली. लेक फोनवर म्हनली, "दादा, तुमाला काय जमंल का, म्हंजे तुमी जर..." तिचं पुरं व्हायच्या आत मी म्हनलं, "येतो." सासऱ्याच्या गुडघ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

लोकायला वाटलं मला बोटीची हौस. खरं सांगू का, बोटीचं मला काय बी नव्हतं. लेकीकडं मी गेलो की मला एका रातीच्या वर ऱ्हाववत न्हाई. घर लहान. मी गेलो की जावई खाली अंथरून टाकतो आन मला पलंग देतो. मग मला झोप येत न्हाई, त्याला खाली येत न्हाई, आन सकाळी मी "दुकान बंद पडलंय" म्हनून बॅग उचलतो. दुकान म्हंजे काय, फाट्यावरची टपरी. पंक्चर काढायची आन हवा भरायची. ती बंद पडली तर कुनाचं काय अडत न्हाई, हे लेकीला बी ठाव हाय. तरी ती "बरं" म्हनती.

बोटीत तसं नव्हतं. बोटीवरून मला मधीच निघता येनार नव्हतं, आन तिला "बरं" म्हनता येनार नव्हतं. गोव्याला जाऊन माघारी येईस्तोवर लेक माज्यासमोर. एवढ्यासाठी मी समुद्रात काय, इस्तवात बी बसलो असतो.

गंगाखेडच्या बाजारातून बॅग आनली. दोन नवे पायजमे, लेकीला आवडतो म्हनून शेंगदान्याचा लाडू, आन खाली टपरीतली ट्रकची ट्यूब आन उभा लोखंडी पंप. बोट बुडायला लागली की मी ट्यूब भरनार. माजी हवा भरून व्हईस्तोवर बोटीनं जरा दम धरावा, एवढंच माजं म्हननं व्हतं. बॅग उचलली की खांदा एका अंगाला झुकायचा. फाट्यावर लोक म्हनायचे, "काय सोनं घेतलंस का रं?"

दसरा होऊन गेला व्हता. सगळ्या शिवारात सोयाबीनची कापनी झालेली, ढीग रचून ठेवलेले, आन मळनीचं मशीन कुनालाच मिळंना गेलं. त्यात लेकीचा परत फोन आला.

"दादा, समुद्रात वादळ यायलंय म्हनायलेत. टीव्हीवर सारखं दाखवायलेत."

"मग बोट?"

"बोटवाले म्हनायलेत, सुटंल. लांबून वळसा घालून जाईल. ज्याला भ्या वाटतंय त्यानं आधी कळवा." मग ती म्हनली, "काय करावं, दादा?"

मी म्हनलं, "बघतो. इचार करतो माजा."

मला वाटलं, आता म्हनंल, दादा, तुमी येऊ नका, तुमचं वय झालं, तुमाला काय झालं तर मी काय करू. मी फोन कानाला दाबून वाट बघायलो. ती म्हनली, "बरं. ठरवा तुमचं." आन फोन ठेवला.

तिथून माजं डोकं फिरलं. भ्या तर वाटायलं व्हतंच. पन मी आपून व्हऊन न्हाई म्हनलो तर मी भित्रा. कुनी तरी म्हनावं, "जाऊ नको," मग मी म्हननार, "न्हाई, जानारच," मग त्यानं हात धरावा, मग मी म्हनावं, "आता तुमी एवढं म्हनायलाव तर..." असं माज्या मनात सगळं ठरलेलं. फकस्त म्हननारा मिळंना.

पैल्यांदा चाच्या हाटेलावर गेलो. म्हनलं, "वादळ यायलंय."

हाटेलवाला चा गाळता गाळता थांबला. "कवा?"

"दोन-चार दिसांत. समुद्रात. मी बोटीला जायलोय ना..."

"इकडं पाऊस लागंल का?"

"ते काय ठाव न्हाई. पन बोट म्हनलं तर..."

त्यानं गाळनं तसंच टाकलं आन भावाला फोन लावला, "आरं ताडपत्री काढ! ढिगावर टाक!" बाकावरची तिघं बी उठले. माजा चा कपात आलाच न्हाई.

दुसऱ्या दिशी मी ज्याला ज्याला बोटीचं सांगितलं, तो तो रानाकडं पळाला. राणीसावरगावला जायच्या जीपमधी बसलेल्या लोकायला सांगितलं, तर त्यातले दोघं खाली उतरले आन घराकडं गेले. ड्रायव्हर माज्यावर खेकसला, "काका, माजी सीटं कामून फोडायलाव?" हवामान खात्याचं काम मी एकट्यानं फाट्यावर बसून केलं, पन माज्या बोटीची फिकीर कुनाला बी न्हाई.

एक जुना दोस्त हाय माजा. संगं ढोरं राखलेली. तो बांधावर भेटला. त्याला मी साफच इचारलं, "जाऊ का नको?"

तो म्हनला, "जा की! बिनधास्त जा. तुला काय हाय मागं? आमचं बग, ढोरं हायत, नातवं हायत, सोयाबीन भिजंल. तुला कशाची काळजी?"

त्यानं मला धीर द्यायलाच म्हनलं. मी हसलो बी. मी हसलो म्हनून तो बी हसला. मग तो ढिगाकडं गेला आन मी टपरीवर आलो. टपरीवर कुनीच नव्हतं. उगंच एका सायकलीची हवा सोडली आन परत भरली.

आमच्याकडं पाव्हना जायला निघाला की त्याची बॅग लपवायची रीत हाय. चप्पल बी लपवतेत. पाव्हना म्हनतो, "गाडी चुकंल, द्या ना," घरचे म्हनतेत, "आजच्या दिस ऱ्हावा," आन पाव्हना ऱ्हातो. माजी बायको त्यात लय पटाईत. एकदा तिनं आपल्या भावाची बॅग ज्वारीच्या कनगीत घातली आन कुठं घातली तेच इसरली. तो आठ दिस ऱ्हायला. माजी बॅग लपवायला आता घरात कुनी न्हाई. त्या दिशी मी सवताच लपवून बघितली, पलंगाखाली. लगेच घावली.

मग मला अक्कल आली. जायच्या आदल्या दिशी मी बॅग बाहेर ओट्यावर ठिवली. रस्त्याच्या कडंला, दिसंल अशी. मनात म्हनलं, येता-जाता कुनाला तरी वाटंल, ह्याला अडवावं. दार लोटून मी आत बसलो आन कान बाहेर ठिवले. शेळ्या गेल्या. मशीनचा ट्रॅक्टर गेला. दोन बाया बोलत गेल्या, पन सोयाबीनचंच. बसल्या बसल्या माजा डोळा लागला.

जाग आली आन बाहेर बघतो, तर ओट्यावर बॅग न्हाई.

काय सांगू तुमाला, माजं काळीज असं भरून आलं. चोर आमच्या गल्लीत येत न्हाईत, इथं काय मिळत न्हाई हे त्यायला ठाव हाय. म्हंजे कुनी तरी लपवली. मी टोपी घातली, तोंड रागाचं केलं आन गल्लीत निघालो. "आरं, कुनी लपवली माजी बॅग? असं करू नका. मला उद्या जायचंय. गाडी चुकंल माजी!" मोठ्यानं, सगळ्याला ऐकू जाईल असं. चेहरा रागाचा ऱ्हाईना गेला, सारखा हसाया यायलं. दोन-तीन दारातून लोकायनं डोकं काढलं. "कसली बॅग?" म्हनले. मला वाटलं, सगळे मिळालेले हायत. लय आनंद झाला.

आमच्या घरामागं शेजारच्या वैनीचं रान लागतंय. तिचा मालक लातूरला कामाला असतो, रानाचं तीच बघती. वारं सुटलं व्हतं. तिच्या सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री फडफडायली व्हती आन वैनी तिचे कोपरे दाबीत पळायली व्हती. एका कोपऱ्यावर धोंडा, दुसऱ्यावर जुना टायर, तिसऱ्यावर नांगराचा फाळ. चौथ्यावर माजी बॅग.

"वैनी!" म्हनलं.

"भावजी, बरं झालं आलाव. तेवढं तिकडून धरा." तिनं माज्याकडं बघितलं बी न्हाई. "तुमची बॅग लय जड हाय हो. काय भरलंय? धोंडाच घावंना गेला, म्हनून उचलून आनली. आवाज दिला व्हता, तुमी घोरायलाव."

मी ताडपत्री धरली. दोरी बांधली. बांधता बांधता माजं तोंड बंद ऱ्हाईना. म्हनलं, "वैनी, मला वाटलं मला अडवायसाठी लपवली."

"कशापसून अडवायसाठी?"

मग मी सगळं सांगितलं. बोट, वादळ, हाटेलवाला, बांधावरचा दोस्त. एवढ्या मोठ्या गावात मला "जाऊ नको" म्हननारं एक मानूस न्हाई, हे बी सांगितलं. जरा हसवत सांगितलं, पन शेवटाला आवाज चिरका निघाला. वैनी दोरीची गाठ दातानं ओढायली व्हती. ती सोडून म्हनली, "त्या बोटीत लेक बी बसायली ना तुमची?"

"हां."

"मग तिला म्हनलाव का तुमी, जाऊ नको म्हनून?"

मी ताडपत्री तशीच धरून उभा. वाऱ्यानं ती माज्या तोंडावर येऊन आदळायली. लेकीचा फोन मला आठवला. काय करावं दादा, म्हनली व्हती. मी म्हनलं व्हतं, इचार करतो माजा.

वैनीनं बॅग परत कोपऱ्यावर नीट सरकवली. मी तिथंच ढिगाला पाठ लावून फोन लावला. लय वेळ वाजला. मग लेकीनं उचलला. मी म्हनलं, "माय, ऐक. तू बोटीला जाऊ नको. मला भ्या वाटायलंय. माजं ऱ्हाऊ दे, मी येत न्हाई. पन तू जाऊ नको."

तिकडं भांड्याचा आवाज आला. नळ बंद केल्याचा आवाज आला.

"आवं दादा," लेक म्हनली, "आमचं रद्द झालंय की. सांजच्याला तुमाला कळवनारच व्हते. तुमाला फोन केला त्याच दिशी सासूबाईनं मला म्हनलं, नको जाऊ गं बाई. तुमाला आता सुचायलंय व्हय?"