शहापूरच्या ऑफिसातली बदली

त्या प्रकरणाची आठवण आजही येते, आणि आली की मला सगळ्यात आधी माझाच राग येतो. निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोकांना खून ऐकायचे असतात. मी खूनही पाहिले, दरोडेही पाहिले. पण ते सांगताना झोप उडत नाही. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही, कुणी पळून गेलं नाही, आणि तरी ते सांगताना मला पाणी प्यावं लागतं.

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी भंडाऱ्याला सायबर गुन्ह्यांच्या कामावर होतो. हौस म्हणून नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, आणि त्या वेळी रिकामा निरीक्षक मीच होतो. दोन बोटांनी टाइप करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरचे गुन्हे शोधायला बसवलं होतं. दिवसभर ओटीपी सांगून बसलेले लोक यायचे. त्यांची तक्रार लिहून घ्यायची, बँकेला पत्र पाठवायचं, पुढचा माणूस. एवढंच काम होतं, आणि त्याचा मला कंटाळा आला होता.

अशात वरिष्ठांच्या नावानं परदेशातल्या एका कंपनीची तक्रार आली. ही कंपनी दातांच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कोणत्या पेशंटनं कोणत्या दिवशी किती वाजता यायचं, याची नोंद त्यात राहायची. ते बनवणारी माणसं मात्र आपल्या भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेवरच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूमवरच्या माडीवर बसत. त्यांच्याकडे एका माणसाला जो पगार द्यावा लागतो त्यात इथं तीन इंजिनिअर मिळतात, हे त्या ऑफिसच्या मालकानं मला पहिल्याच भेटीत मोठ्या कौतुकानं सांगितलं. मालक इथलाच. पुण्यात नोकरी करून परत आलेला. कंपनीनं सुरुवातीला चार माणसं घेतली, धंदा वाढला तशी बारा केली. मग खर्च कमी करायचा म्हणून आठावर आणली. काम बाराचंच राहिलं.

घडलं होतं असं की एका सकाळी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. तिकडे गाल सुजलेली माणसं दवाखान्यांच्या दारात उभी आणि डॉक्टरांना कुणाचा नंबर ते ठाऊक नाही. कंपनीनं तपासून कागद पाठवला. नोंदी शहापूरच्या ऑफिसातून, आपल्याकडच्या घड्याळात सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, एका विशिष्ट आयडीनं पुसल्या होत्या. तो आयडी आंधळगावच्या एका मुलीचा होता. वय सव्वीस, त्या ऑफिसातली सर्वांत हुशार. खऱ्या नोंदींपर्यंत पोचायचा अधिकार आठ जणांत फक्त तिला दिलेला होता.

मालकाला मी बाजूला घेऊन विचारलं, या मुलीचं काही बिनसलं होतं का? तो जरा घुटमळला आणि म्हणाला की तिनं सुट्टी मागितली होती, कंपनीनं नाकारली. त्या पंधरवड्यात मोठं काम असल्यानं कुणालाच सुट्टी नव्हती. ती नाराज होती खरी. ही आम्हाला मिळालेली खबर. आयडी होता, वेळ होती, आणि आता कारणही मिळालं. वरून दिवसातून दोनदा फोन येत होता की परदेशी कंपनीची तक्रार आहे, जिल्ह्याचं नाव जाईल. मी गुन्हा दाखल करून घेतला.

मुलीला नोटीस देऊन बोलावलं. ती वडिलांबरोबर आली. वडील शेतकरी, तळ्याखाली धानाची शेती. त्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं. आत ती, मी आणि आमची महिला हवालदार. मुलगी रडली नाही, की आवाजही चढवला नाही. तिचा शांतपणा मला तेव्हा निबरपणा वाटला.

मी कंपनीचा कागद तिच्यापुढे सरकवला. हा आयडी तुझाच ना, विचारलं. ती हो म्हणाली. पासवर्ड तुझाच? हो.

"मग हे काहून केलं?" मी मुद्दाम तिच्या बोलीत विचारलं. समोरचा माणूस त्यानं सैल होतो असा माझा अनुभव.

"मी नाही पुसलं साहेब."

"तर मग कोणी?"

तीन दिवस हेच चाललं. सकाळी बोलवायचं, संध्याकाळच्या आत घरी पाठवायचं, स्टेशन डायरीला नोंद घ्यायची. कोणी सांगितलं, काय मिळणार होतं, आधी असं किती वेळा केलं, सगळे प्रश्न फिरवून फिरवून विचारले. तिचं उत्तर एकच. कोणी, असं विचारलं की मान खाली. मी तिला गुन्हा अंगावर आला तर काय होतं तेही ऐकवलं. कडक शब्दांत ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट पडताळणीचं काम पाहणारा आमचा कर्मचारी एक अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी आला. साहेब, या मुलीवर गुन्हा आहे का, त्यानं विचारलं. अर्ज तिचाच होता. कंपनी तिला सहा महिन्यांसाठी आपल्या देशात बोलावणार होती. तिकडे काम शिकून आल्यावर शहापूरच्या सगळ्या माणसांचं काम तिनं पाहायचं, असं या प्रकरणाआधीच ठरलं होतं. पासपोर्ट महिन्याभरात हातात पडला नाही तर ती संधी जाणार होती. हे तिच्या वडिलांनी मला सकाळीच हात जोडून सांगितलं होतं. त्यांच्या घरातलं कुणी नागपूरच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी अर्जाकडे पाहिलं आणि म्हणालो, दाखल आहे, तसं लिही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. कर्मचाऱ्यानं लिहिलं आणि अर्ज पुढे गेला.

तिसऱ्या दिवशी मी जबाब लिहून घेत होतो. मुलीनं टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. मी मान वर केली नव्हती. आमच्या महिला हवालदारांनी मात्र केव्हातरी खाली पाहिलं असणार. त्या मला बाहेर या म्हणाल्या. या बाई मोहाडी तालुक्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. कमी बोलणाऱ्या.

"साहेब, हे पोरगी धानाच्या रोवण्यात होती," त्या म्हणाल्या. "बोटाच्या सांधीत चिखल्या झाल्या, त्यावर औषध म्हणून मेंदी लावून हाय. तीन-चार दिवस चिखलात उभं राहिल्याबिगर असे पाय होत नाही. अन् ऑफिसचा कागद तर म्हणते की ते रोज खुर्चीवर होती."

मी कागद काढून पाहिला. ज्या आठवड्यात नोंदी पुसल्या गेल्या त्या आठवड्यात तिचा आयडी रोज सकाळी साडेनऊला सुरू आणि संध्याकाळी सातला बंद होता. एक दिवसही खाडा नाही. चिखलात आणि खुर्चीवर एकाच वेळी माणूस असू शकत नाही, एवढं कळायला कॉम्प्युटर येण्याची गरज नव्हती.

त्याच दुपारी आम्ही आंधळगावला गेलो. तिच्या वडिलांची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, तळ्याच्या पाळीखालीच होती. शेजारच्या बांधीत बाया धान रोवत होत्या. हवालदार बाई बांधावर उभ्या राहून त्यांच्याशी गप्पा मारायला लागल्या. बायांनी वाकल्या वाकल्याच सांगितलं, हो, ती चार दिवस आमच्याच ओळीत होती. तिच्या आईचा हात मोडलेला, रोवायला माणूस मिळेना, पऱ्हे, म्हणजे लावायची रोपं, वयाच्या पुढं चालले होते. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भाकरीला बसलो तेव्हाही होती. बायांनी दिवस अचूक सांगितला, कारण दुसऱ्या दिवशीपासून त्या पुढच्या घरच्या बांधीत गेल्या होत्या. कुणाकडे कधी जायचं ते त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

तिथून थेट शहापूर. पंच घेऊन ऑफिसची झडती घेतली. दाराच्या मागच्या बाजूला एक कागद चिकटवलेला सापडला. पेननं रेघा ओढलेल्या, आठ नावं, पुढे तारखा. कोण कधी रोवण्यावर जाणार आणि त्याच्या जागी त्याचा आयडी उघडून कोण बसणार, याची सरळ यादी. आठही जण धानाच्या घरचे. रजा मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी गावात होतं तेच माडीवर केलं. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. काम अडलं नाही, कंपनीला कळलं नाही, आणि यात चोरी आहे असं त्यांच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. पासवर्ड कुणाला देऊ नये असं लिहिलेल्या कागदावर सगळ्यांनी सही केली होती. पण जागेवर बसणारा माणूस कुणीतरी परका थोडाच होता.

मालकाला ही यादी माहीत होती. तो माझ्या नजरेला नजर देईना. सुट्टीची गोष्ट मला सांगितली, यादीची सांगितली नाही. करार जाईल या भीतीनं, म्हणाला.

त्या तारखेला मुलीच्या नावापुढे बपेरा गावच्या एका इंजिनिअरचं नाव होतं. मी त्याच्याकडे वळलो, तेवढ्यात तोच उभा राहिला.

"साहेब, माह्याकडून झालं," तो म्हणाला. "मी तीन दिवसांपासून येतो येतो म्हणून राहिलो, माही हिंमत नाही झाली."

त्याचं रोजचं काम सरावाच्या नोंदींवर चाले. खऱ्यासारख्याच दिसणाऱ्या पण खोट्या नोंदी. रोज सकाळी आदल्या दिवशीच्या पुसायच्या आणि नव्यानं सुरुवात करायची. त्या दिवशी त्यानं आपला आणि तिचा, दोन्ही आयडी एकाच स्क्रीनवर उघडले होते, दोघांचं काम करायचं म्हणून. दोन्ही खिडक्या दिसायला सारख्या. हाताच्या सवयीनं त्यानं पुसलं, ते तिच्या खिडकीत. त्याच्या आयडीला खऱ्या नोंदींना हात लावता येत नव्हता, तिच्या आयडीला येत होता. एवढीच गोष्ट. बायको बाळंतपणात अडली तेव्हा याच्या जागी नऊ दिवस ती मुलगी बसली होती. म्हणून ती त्याचं नाव घेत नव्हती. त्याचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं.

त्याच्या जबाबानंतर हेतू उरला नाही, आणि हेतू नाही तर गुन्हाही उभा राहत नाही. चुकीच्या समजुतीतून गुन्हा दाखल झाला असा अहवाल, ज्याला आम्ही 'क' समरी म्हणतो, तो मी कोर्टात पाठवला. वरिष्ठांनी पाठ थोपटली. पंधरवड्यात छडा लागला, असं म्हणाले. कोर्टानं तो अहवाल मान्य करेपर्यंत मात्र तेरा महिने गेले. आणि तोपर्यंत पासपोर्टच्या फाइलवर माझं वाक्य तसंच राहिलं.

कंपनीनं आमचा अहवाल वाचून आभाराचं पत्र पाठवलं. त्याच आठवड्यात शहापूरचा करार मोडला. नियम मोडून पासवर्ड वापरले, असं कारण. तेही खरंच होतं. आता हे काम आपल्यापेक्षा स्वस्त माणसं मिळणाऱ्या दुसऱ्या एका देशात जातंय, असं मालकानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या बोलण्यात कौतुक नव्हतं. आठ जण घरी बसले. मी कुणाला दोष देत बसलो नाही. कंपनीला आठ आयडी हवे होते, ते मिळाले होते. त्यांच्यामागे घरं आणि बांध्या असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

कोर्टाचा आदेश आला तेव्हा माझ्या निवृत्तीला आठ महिने होते. त्याची प्रत टपालानं पाठवता आली असती. मी स्वतः घेऊन आंधळगावला गेलो. ती घरीच होती. नागपूरच्या दोन दुकानांचं ऑनलाइन विक्रीचं काम घरून करत होती. वडिलांनी खुर्ची दिली, आईनं चहा ठेवला. मी प्रत तिच्या हातात दिली आणि सांगितलं की आता पासपोर्टचा नवा अर्ज कर, अडचण येणार नाही, मी स्वतः पाहतो.

"करीन साहेब," ती म्हणाली. "पण आता बोलावणार कोण हाय?"

मी काहीतरी बोललो. दुसऱ्या कंपन्या आहेत, तू हुशार आहेस, असलं काहीबाही. तिनं ऐकून घेतलं. मग आदेशाची घडी घालत म्हणाली,

"एक विचारू का, रागावू नका. तीन दिवस तुम्ही मले काहून केलं विचारलं, कोणी सांगितलं विचारलं. त्या दिवशी तू कुठं होती, हे एक डाव काहून नाही विचारलं? त्याचं नाव मी नसतंच घेतलं. पण मी बांधीत होती, हे सांगितलं असतं. मी खोटं नसती बोलली."

गुन्ह्याच्या वेळी संशयित कुठं होता, हा तपासातला पहिला प्रश्न. नवीन भरती झालेल्या शिपायालाही तो ठाऊक असतो. कितीतरी तरुण अधिकाऱ्यांना मी स्वतः तो शिकवला. पण माझ्या हातात मशीनमधून निघालेला कागद होता. त्यावर जागा होती, मिनिटासकट वेळ होती, आणि मला वाटलं की त्या कागदाला माणसापेक्षा जास्त माहीत आहे. समोर माणूस बसलेला असताना मी तीन दिवस कागदाचीच चौकशी केली. या प्रकरणानं मला शिकवलं ते एवढंच, आणि ते शिकायला मी नोकरीच्या शेवटाला यावं, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलीनं द्यावी, याची मला लाज वाटते.

तिचा प्रश्न ऐकून मी चहा अर्धा ठेवून उठलो, तिच्या वडिलांना नमस्कार केला आणि गाडीत बसलो. त्या घरी माफी मागायलाच गेलो होतो. ती मागायची राहिली.