चंद्रोदयापर्यंत वायकिंग

उपासाच्या दिवशी पोट रिकामं असतं, म्हणून तोंड जास्त चालतं. किस्से साठतात ते असे! आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत आम्ही तिघी दर संकष्टीला माझ्या घरी जमतो. मी, शालूताई आणि मंगलाकाकू. इथल्या धुरक्यात चंद्र दिसेल तेव्हा खरा! तोवर करायचं काय? स्तोत्रं म्हणून झाली की आम्ही वायकिंगांची मालिका लावतो. हसू नका, मुलाने एकदा लावून दिली आणि आम्ही अडकलो.

शालूताईंचे यजमान, अनंतभाऊजी, पुरातत्त्व खात्यातून रिटायर झालेले. मालिका आम्ही बघतो, रिमोट त्यांच्या हातात!

पहिल्याच भागात ओरडले, "पॉज! वायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हतीच मुळी!"

शालूताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, लग्नाच्या फोटोत तुमच्या हातात कट्यार आहे. कुठली लढाई मारली होतीत?"

शिंगांचा विषय तिथेच संपला.

मग आले केस. मालिकेत सगळे मळकट, जटा वाढलेले. भाऊजी कळवळले, "किती अन्याय! उत्खननात त्यांचे कंगवे सापडलेत. दर शनिवारी अंघोळ करायचे ते!"

आम्ही ऐकून सोडून दिलं. पण कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनी बरोबर लक्षात ठेवलं. जानेवारीत गीझर बिघडला, तर सकाळी रजईतूनच विचारतात कसे, "आज वार कोणता? बुधवार? चलो, मग आपण इतिहासाला धरून राहू!"

मंगलाकाकूंची तऱ्हा वेगळी. मालिकेत वीज कडाडली, सगळे योद्धे मेघांच्या देवाला हाका मारू लागले, तर काकूंनीही इकडे हात जोडले. "देव आहे ना? मग नमस्काराला काय जातं!" असं म्हणून वाटीभर साबुदाण्याची खिचडी टीव्हीपुढे ठेवली.

भाऊजी म्हणाले, "काकू, त्या देवाला मांसाचा नैवेद्य लागतो."

"आज संकष्टी आहे," काकू म्हणाल्या. "त्यालाही चालवून घ्यावं लागेल!"

पण खरी पंचाईत झाली तांबड्या दाढीवाल्यामुळे. मालिकेतला हा सरदार बायकोचा निरोप घेऊन भर वादळात नावेत चढला. शालूताईंना राहवेना. हात जोडून म्हणाल्या, "बाप्पा, हा सुखरूप घरी परतेपर्यंत माझा चहा बंद!"

चहा! ज्यांची सकाळ दोन कपांशिवाय उघडत नाही, त्यांचा! तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसल्या, पण नवस म्हणजे नवस. त्यांच्यासोबत भाऊजींनीही घरात चहा सोडला. बाहेर टपरीवर प्यायचे की नाही, ते मी विचारलं नाही.

मी मात्र रोज सांजवात लावताना पुटपुटायचे, "देवा, एवढ्या त्या दाढीवाल्याला सुखरूप घरी आण."

शेवटच्या भागाच्या दिवशी भाऊजी पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आले. हळूच म्हणाले, "वहिनी, तो परतत नाही हो. सगळ्या पुस्तकांत तेच आहे, येताना समुद्रात बुडाला. शालूचा चहा जन्माचा सुटला!"

"अहो, टीव्ही आहे. वाचवतील त्याला," मी म्हटलं.

"देव करो!" भाऊजी म्हणाले. शिंगांवरून भांडणारा माणूस!

आणि मालिकावाल्यांनी इतिहास पाळायला नेमका तोच दिवस निवडला! लाट आली, नाव उलटली, तांबडी दाढी पाण्याखाली गेली. शालूताई पदर डोळ्यांना लावून बसल्या.

भाऊजी उठले. "पॉज!" म्हणाले आणि पॉज त्यांनीच केलं. "साफ चूक! घरी परतला होता तो. चांगला म्हातारा होऊन, नातवंडांत गेला."

शालूताईंनी पदर खाली घेतला. "नक्की?"

"बिल्कुल! सगळ्या पुस्तकांत आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी मुकाट्याने उठून आधण ठेवलं.

शालूताईंनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाल्या, "मग मेल्यांनी त्याला बुडवला कशाला?"

"मनोरंजन, दुसरं काय!" भाऊजी म्हणाले. "या लोकांना इतिहासाची काही चाडच नाही!"