अप्पांच्या हातची वेणी
चामराजपेटेत फुलवालीने हातभर मल्लिगे, म्हणजे मोगऱ्याची माळ, मोजून पानात बांधली, आणि त्या वासासरशी कौटुंबिक न्यायालयातली ती सकाळ आठवली. अक्काच्या घटस्फोटाची तारीख होती. भावजींचं ऑफिसातल्या एका बाईशी प्रकरण होतं, त्याचे पुरावेही होते, आणि असल्या माणसाला सहा वर्षांच्या लेकीचं तोंडसुद्धा दिसू नये म्हणून मी दातओठ खात बसले होते. न्यायाधीशबाईंनी पोरीला आपल्या खोलीत नेलं, बिस्किट देऊन बोलतं केलं, आणि परत येऊन अक्काला विचारलं, "रोज वेणी अप्पाच, म्हणजे तिचे वडीलच घालायचे, असं म्हणते ती. खरं का?" आमचे वकील पुटपुटले, "काही बोलू नका." अक्का उठून उभी राहिली. "खरं आहे, मॅडम. मी घातली की तिचे केस ओढले जातात. त्यांनी मला फसवलं, तिला नाही. मला घटस्फोट द्या, पण रविवार त्यांना द्या." भावजींनी रुमालात तोंड लपवलं. मी मात्र अक्काकडे बघतच राहिले. एका ताटात जेवून मोठ्या झालो आम्ही, आणि ही एवढी मोठी कधी झाली? पुढे निकाल लागला. पोर अक्काकडे राहिली, तिचा खर्च भावजींवर आला, रविवार त्यांना मिळाला. आज रविवारच आहे, आणि ही मल्लिगे अक्कानेच मागवली आहे. पोरीला पाठवताना ती केस मोकळेच ठेवते, आणि फुलांची पुडी तिच्या हातात देते.