हा डबा गार कसा?

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

आमचे हे राहुरीत रेडिओ दुरुस्त करतात. मुंबईत नुकताच टीव्ही आलाय. त्याच्या काचेवर चेंडूचा खेळ खेळता येईल असं यंत्र ते वर्षभर बनवतायत. आज नगरचे एक व्यापारी ते बघायला आले, सोबत त्यांची आई. यंत्र अजून अपुरं. म्हणून ह्यांनी टेबलावर यंत्र म्हणून पत्र्याचा रिकामा डबा ठेवला आणि खेळ चालवायला कॉलेजातून मागून आणलेली मोठी यंत्रं चादरीमागे लपवली; त्यांची काच तेवढी बाहेर ठेवली.

आजी खेळात रमल्या. काचेवरचा हिरवा ठिपका परतवला की पोरीसारख्या ओरडायच्या. मध्येच त्यांनी डब्यावर हात ठेवला.

"आमचा रेडिओ लई तापतो. ह्यो डबा गार कसा?"

"भारी यंत्र हाय, आई," व्यापारी म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. "असली पन्नास यंत्रं द्या आम्हाला."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून चादर ओढली.

व्यापारी चपला घालून निघाले. आजी मात्र दारात थांबल्या. "खरा झाला की मला बोलीव गं."

तेव्हापासून हे खऱ्या यंत्राच्या तारा जोडत बसलेत. माझ्याशी एक शब्द नाही. सांगा, मी गप्प बसायला हवं होतं का?