बंद पडते की बंद होते?

“इस्माईलभाई, गाडीत काही फॉल्ट नाही ना? मंग उद्यापासून याले घरी बसवतो.”

बाभुळगावचे जिनिंगवाले भाऊसाहेब आपल्या ड्रायव्हरकडे, गजाननभाऊंकडे, बोट दाखवत होते. माझ्या गॅरेजच्या जॉब कार्डावर मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं होतं, ‘गाडी बंद पडते.’ दोन दिवस फिल्टर, पंप, वायरिंग सगळं खोललं. मोकळ्या बायपासवर पळवली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

“माह्या हातात पडत नाही, याच्याच हातात पडते. इतके वर्षं डायवरी केली अन् क्लच सोडता येत नाही!”

गजाननभाऊ मान खाली घालून उभे. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, “जिथं पडते तिथंच चला.”

बोंडअळीनं कापूस खाल्लेलं वर्ष, तरी जिनिंगसमोर गाड्यांची रांग होतीच. गजाननभाऊंनी ब्रेक दाबला, न्यूट्रल केलं, क्लचवरून पाय काढला. इंजिन गप्प. समोर एक हिरवा दिवा पेटला. त्यांचा हात लगेच चावीकडे गेला.

“थांबा! चावी सोडा. नुसता क्लच दाबा.”

दाबला. इंजिन आपोआप सुरू.

“अहो, पडत नाही, बंद होते!” मी ओरडलोच. ऑटो स्टार्ट-स्टॉप. गाडी थांबली की डिझेल वाचवायला इंजिन स्वतःच झोपतं. ऐकून होतो, पण माझ्याकडे अशी गाडी पहिलीच. भाऊसाहेब रांगेत गिअर टाकून क्लच दाबून बसत, म्हणून त्यांच्या हातात ते कधी झोपलंच नाही.

मागच्या सीटवर भाऊसाहेबांना नवीन काळजी. “दिवसातून शंभर खेपा चालू-बंद? इंजिन झिजून जाईन ना!”

“गरम इंजिनात ऑइलचा थर पार्टवर टिकून राह्यते, जरा वेळात उतरत नाही. स्टार्टर अन् बेअरिंगही याच्यासाठीच दणकट बनवले. खरी झीज सकाळी. रातभरात ऑइल खालच्या चेंबरात उतरते. ते वर चढायच्या आंधी कोणी जोरात रेस देल्ली, का इंजिनचं वाटोळं.”

गजाननभाऊ आरशातून मागे बघेनात.

“सकाळी रेस कोण देते?” मी विचारलं.

“मीच,” भाऊसाहेब खाकरले. “गाडी निंगाली हे गल्लीले कळावं म्हणून.”

हसू आवरताना माझी पुरेवाट झाली. आता सकाळची चावी गजाननभाऊंकडे असते. पहिला मैलभर ते गाडी हळू नेतात आणि भाऊसाहेब मागे निमूट बसतात.

मी मात्र मनातून ओशाळलो. गाडी कधी आणि कशी बंद पडते, हे दोन दिवसांत मी मालकाला चारदा विचारलं. चालवणाऱ्याला एकदाही नाही.