भिया नाही, गजभिये

‘३०२ वाली मॅडम नहीं रहीं.’ सुनंदाच्या सोसायटीच्या ग्रुपवरचा हा निरोप तिची भाची प्राचीनं मला पाठवला, आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी माझं डोकंच फिरलं. अरे, नाव लिहा ना! इतकी वर्षं दाराला पितळेची पाटी आहे, ढळढळीत अक्षरांत, जिना चढताना दिसतेच दिसते. मेल्यावरही बाईला फ्लॅटचा नंबरच? महिना उलटला, राग तसाच आहे. म्हणून तर लिहायला बसले.

सुनंदा गजभिये. इंदुरात पलासियातल्या बँकेत आमची टेबलं शेजारी शेजारी होती. ती महूची, घर बौद्ध, आजोबा फौजेत. मी जगदाळे, पणजोबा संस्थानच्या फौजेत. म्हणजे पूर्वज दोघींचेही शिपाईच की! पण माझ्या आडनावावर इंदुरात चहा मिळतो आणि घरही मिळतं. तिनं फ्लॅट घ्यायचं ठरवलं, कर्ज मंजूर झालं, आणि आम्ही दोघी दर रविवारी घरं बघत हिंडायला लागलो. ‘मराठी हो? अरे वा, बैठो बैठो... कौनसे मराठी?’ त्या ‘कौनसे’वर सगळं अडायचं. त्यात या आडनावाची एक खास इंदुरी गंमत होती, कारण इथं भैयाला ‘भिया’ म्हणतात. फोनवर ते लोकांना ‘गज भिया’ असं ऐकू जायचं. ‘मॅडम, ये गज भिया आपके हसबंड हैं?’ सुनंदा खळखळून हसायची. ‘भिया नाही हो, गजभिये. लग्न नाही केलं मी. वडिलांचं आडनाव आहे.’ गज भिया सगळ्यांना चालायचे. गजभिये कळलं, की घरमालकाला एकदम आठवायचं, घर तर मेव्हण्याला कबूल केलंय!

शेवटी दलालच म्हणाला, ‘सिर्फ सुनंदाजी बोलो ना मॅडम, आगे का कौन पूछता है.’ ती तशीच उठली. मला घेऊन सरळ कृष्णपुऱ्याला गेली आणि एका दुकानात पूर्ण नावाची पितळी पाटी कोरायला टाकली. मी म्हटलं, अगं, घराचा पत्ता नाही आणि पाटी कसली करतेस? ‘शैला, आधी नाव. त्याच्यामागे घर येईल तर येईल.’

मग ती पाटी पर्समध्ये घालून आमची वरात सुरू झाली. स्वयंपाकघर बघायच्या आधी ती पाटी टेबलावर ठेवायची. ‘ही दाराला लागणार. चालत असेल तर पुढं बोलू.’ एक गृहस्थ तर चुळबुळत म्हणाले, ‘घर में पूजापाठ होता है, आप तो समझती हैं...’ ‘समझती हूँ,’ सुनंदा म्हणाली, ‘पर आप मुँह से बोलो. नहीं क्यों?’ आणि ढिम्म बसून राहिली. त्यांनी पंखा वाढवला, बायकोला हाक मारली, पण कारण काही तोंडातून निघेना. नाही म्हणायची हिंमत होती, कारण सांगायची नव्हती! मी तिला उठवायला गेले तर म्हणाली, ‘बस गं, मला काही घाई नाही.’

३०२ विकणारे होते एक रिटायर्ड मास्तर. त्यांनी पाटी वाचली, हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, ‘भारी है बेन. कील से नी रुकेगी, स्क्रू लगाना पड़ेगा.’ बस, एवढंच. रिक्षात बसल्यावर सुनंदा हमसून हमसून रडली. नाही म्हणणाऱ्यांसमोर डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं तिच्या... त्यानंतर दर रविवारी सकाळी दार सताड उघडं टाकून ती चिंचेनं पाटी घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्यानं नमस्कार करायची. काहीजण मान खाली घालून जिना उतरायचे. ती आणखी जोरात घासायची.

आता फ्लॅट प्राचीकडे आलाय, भाड्यानं द्यायचाय, दाखवायचं काम माझ्याकडे. परवा दलाल येऊन म्हणाला, ‘बोर्ड निकाल दो, घर फटाफट उठ जाएगा.’ मी म्हटलं, ‘भिया, बोर्ड नहीं निकलेगा. आप निकलो.’

काल एक मुलगी आली, महूची, नुकतीच नोकरीला लागलेली. ‘मी निशा,’ एवढंच म्हणाली. पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती बिचारी. मी तिला गॅलरी दाखवली, पाण्याची वेळ सांगितली, भाडं सांगितलं. निघताना दाराशी थबकून तिनंच विचारलं, ‘आंटी, पूरा नाम नी पूछा आपने?’

‘मला कशाला हवंय बेटा? पाटीसाठी सांग. सुनंदाच्या पाटीखाली जागा आहे, प्राचीनं स्क्रूची भोकंही पाडून ठेवलीत.’

तिनं पाटी वाचली. मग नाव सांगितलं. आधी पुटपुटली, मग पाटीकडे बघत पुन्हा, नीट, आडनावासकट. ते मी इथे लिहिणार नाही. पाटी लागली की ३०२ च्या दाराशी जाऊन वाचा. आणि ग्रुपवाल्यांनो, पुढच्या वेळी लिहायचं झालं, तर बघून लिहा.